विचारल्याशिवाय हात लावायचा नाही

शहापुरात मी जर्मन शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे नीट बघून घेतो. मग हसतो. क्लास काढला तेव्हा खाली रस्त्यावर ‘जर्मन’ अशी ठळक पाटी लावली होती. बाजाराला आलेल्या एक म्हाताऱ्या बाई जिना चढून वर आल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "मोठी टोपं दाखवा." आमच्या भागात ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनचीच भांडी म्हणतात. मी म्हटलं, "आजी, इथं भांडी नाय मिळत, भाषा मिळते." त्या माझ्यावरच उखडल्या. "मंग तसं लिवा ना पाटीवर! उगा माझे गुडघे मोडलेत." त्यांचंही बरोबरच होतं.

मी मूळची मुरबाडकडची. पुण्याला शिकायला होते तेव्हा फ्रेंचच्या वर्गात जागा उरली नव्हती म्हणून जर्मनला बसले. यात ध्येयबिय काही नव्हतं. पुढे मुरबाडच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून चिकटले. जर्मनीहून मशिनं यायची, त्यांच्याबरोबर फिटर यायचे. ते काय ओरडतायत ते आमच्या लोकांना सांगायचं आणि आमचे लोक काय पुटपुटतायत ते त्यांना सांगायचं, हे माझं काम. पुटपुटण्यातलं निम्मं मी गिळून टाकत असे, कारण नोकरी टिकवायची होती. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना. तोवर आमच्याकडची नर्सिंग झालेली पोरं जर्मनीला जायला लागली होती. तिकडच्या वृद्धाश्रमांना माणसं हवीत आणि इकडच्या पोरांना काम हवंय. मधे भाषेचा डोंगर. तो चढवून देण्याचा धंदा मी शहापुरात मांडला.

लोकांना वाटतं जर्मनचं व्याकरण अवघड. असेल. पण व्याकरणाला मी घाबरत नाही. घोकून घेतलं की येतं. माझी खरी मारामारी एका साध्या गोष्टीशी आहे, आणि ती म्हणजे दुसऱ्याला मदत करू का असं विचारणं. ऐकायला किती सोपं! "कान इश इनेन हेल्फेन?" म्हणजे "मी आपल्याला मदत करू का?" पहिल्याच आठवड्यात पोरं पोपटासारखी म्हणतात. पण वाक्य म्हटलं म्हणजे झालं नाही. विचारायचं, मग थांबायचं. समोरचा नको म्हणाला तर नको. पुन्हा आग्रह नाही, तोंड पाडायचं नाही. "सागेन झी बिट्टे बेशाइड", लागलं तर सांगा, एवढं म्हणायचं आणि हात आपल्याजवळ ठेवायचे. सगळं शिकवता येतं हो, पण ते थांबणं शिकवता येत नाही.

कारण आमच्याकडे विचारणं हाच अपमान. पाहुण्याला "चहा घेणार का" असं विचारणाऱ्या घराची गावभर नाचक्की होते. चहा आणून ठेवायचा. पाहुणा नको म्हणणारच. पहिलं नको रीतीचं, दुसरं लाजेचं, तिसऱ्या वेळी कप तोंडाला लागलेला असतो. कारखान्यात एकदा एक जर्मन फिटर शिडीवर चढून बोल्ट आवळत होता. खाली आमचा गजानन हेल्पर उभा. त्याला वाटलं, साहेब घसरतोय. हा पठ्ठ्या त्याच शिडीवर मागून चढला आणि त्याने साहेबाच्या कमरेला मिठी मारली. साहेब असा किंचाळला की शेजारच्या शेडमधले लोक धावत आले. काम बंद. "हा माणूस मला पुन्हा शिवला तर मी परत जातो," असं त्याने मला सांगायला लावलं. गजाननने ऐकून घेतलं आणि डबा उचलून तो झाडाखाली जाऊन बसला. त्या मशिनला त्यानंतर त्याने हात लावला नाही. दोघांतला एकही माणूस वाईट नव्हता. त्या दिवशी मला कुणाचीच बाजू घेता येईना.

आता वनिताचं सांगते.

वनिता मेंगाळ खर्डीच्या पलीकडची, डोंगराच्या अंगाला वाडी आहे तिथली. नर्सिंग केलेली. आरोग्य केंद्रात कंत्राटी नोकरी होती. ती सोडून माझ्याकडे पूर्ण वेळ शिकायला आली. मी म्हटलं होतं, अगं, रजा मिळते का बघ. रजा मिळेना, सोडली. महिन्याभरात तिच्या जागी दुसरी मुलगी लागलीसुद्धा. म्हणजे मागचं दार बंद. पुढचं उघडलं नाही तर ही पोर पुन्हा वाडीवर, नर्स असून बसलेली. ती बोलून दाखवत नसे, पण मला ते रोज दिसायचं.

भाषेची परीक्षा तिने झोकात काढली. अडलं ते मुलाखतीत. वृद्धाश्रमातर्फे नर्स निवडणाऱ्या लिंडनरबाई कॉम्प्युटरवरून मुलाखत घ्यायच्या. साठीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं तुटक आणि मोजकं. त्या नुसते प्रश्न विचारत नसत, प्रसंग करून दाखवायला लावत. वर्गातल्याच एका मुलीला आम्ही म्हातारी करून कॅमेऱ्यासमोर बसवलं. म्हातारीने टेबलावरच्या चष्म्याकडे हात लांब केला. वनिताने काय करावं? चष्मा उचलला, ओढणीने पुसला आणि तिच्या नाकावर बसवून टाकला. तोंडातून शब्द नाही. मी मागे कपाळावर हात मारून घेतला.

लिंडनरबाई म्हणाल्या, "हात चांगले आहेत. पण ही विचारत नाही. मी पुढच्या महिन्यात भारतात येतेय, तेव्हा हिला आणखी एकदा बघेन. त्यानंतर नाही."

एकच संधी. 

त्या महिन्यात मी वनिताच्या मागे हात धुऊन लागले. रोज वर्ग सुटला की मी म्हातारी व्हायची आणि ती नर्स. मी चप्पल घालायला वाकले की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत चप्पल माझ्या पायात! मी ओरडायची, "अगं बाई, मी लुळी आहे का? विचार आधी!" ती "सॉरी मॅडम" म्हणायची आणि दुसऱ्या मिनिटाला माझ्या दंडाला धरून मला उठवायची. शेवटी मी तिला दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायला लावलं. हात एकमेकांत अडकव आणि मी हो म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. तसं केल्यावर जमायला लागलं, पण तिचा चेहरा बघवेना.

एकदा मी वैतागून विचारलं, "तुला नेमकं काय अडतं गो? वाक्य येतं ना?"

"वाक्य येतं मॅडम. पण विचारलं ना, की लाज वाटते मला."

"लाज कसली?"

"आमी तानशाच्या रानात लाकडाला जातो. मोळी डोक्यावर घ्यायची तर एकटीला नाय जमत. बाजूला जी असेल ती येते नि हात लावते. भांडण असलं तरी लावते. 'लावू का' म्हणून कुणी विचारलं ना, तर समजायचं हिला लावायचा नाय." ती खाली बघत राहिली. "मी विचारते तेव्हा मला वाटतं मी त्या माणसाला परकी हाय."

 मी तिला जे पुस्तकात आहे तेच सांगितलं. तिकडे माणूस म्हातारा झाला तरी त्याचं अंग त्याचं असतं. बटण लावायला त्याला अर्धा तास लागेना का, तो ते लावतो तोवर ते बोट चालतं. आपण घाईने लावून दिलं की आज सोय होते आणि काही दिवसांनी ते बोट विसरतं. म्हणून विचारायचं. ते परकेपण नव्हे, तो मान आहे. ती हो म्हणाली. तिला पटलं की नाही, देव जाणे. खरं सांगायचं तर ते सांगताना मला माझीच आई आठवत होती, जिने आयुष्यात कुणाला काही विचारलं नाही आणि सगळ्यांचं केलं.

मुलाखत मुरबाडला, भाड्याने घेतलेल्या एका हॉलमध्ये होती. ऑक्टोबरचं ऊन, वरचा पंखा नुसता कुरकुरतोय, वारा नाही. मी पोचले तर वनिता पायरीवर बसलेली आणि तिच्या शेजारी तिची आई, चांगुणाबाई. काष्टा घातलेलं हिरवं लुगडं, अंगाने काटक, तोंडात मिश्री. वनिता रात्रभर झोपली नव्हती म्हणून ती बरोबर आली होती. निदान तिने तसं सांगितलं. मला वेगळंच वाटलं.

"कोन नेते माझ्या पोरीला, ते बघाया आले," असं ती थोड्या वेळाने म्हणालीच.

आत लिंडनरबाई कागद लावून बसल्या होत्या. दारात उभ्या असलेल्या चांगुणाबाईकडे त्यांचं लक्ष गेलं. त्या उठल्या, हसल्या आणि खुर्चीकडे हात करून म्हणाल्या, बसायला आवडेल का? वनिताने मराठीत सांगितलं. चांगुणाबाई म्हणाली, "नको नको, बरं हाय हितंच." वनिताने तेही सांगितलं. लिंडनरबाईंनी मान हलवली आणि त्या परत जाऊन बसल्या. झालं! चांगुणाबाई तशीच दारात उभी. तिचा चेहरा पडला. मला हळूच म्हणाली, "एकदाच इचारलं गो बाय. बसू द्यायचं नसंल तिला."

मी तिचा हात धरला, तिला आत ओढलं आणि भिंतीकडच्या बाकावर बसवलं. ती बसली. आमचं असंच चालतं.

नियम असा होता की मी आत बसायचं, पण बोलायचं नाही. खूण केली तरी मुलगी बाद. मी मागच्या खुर्चीत बसले आणि पर्सचा पट्टा मुठीत घट्ट धरला. 

प्रसंग साधा होता. लिंडनरबाई खुर्चीत बसल्या, बूट काढले. त्या आता ऐंशी वर्षांच्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाई. सकाळी पायमोजे घालायचेत आणि नर्स खोलीत आलीय. त्यांनी पायमोजा हातात घेतला आणि वाकायला लागल्या. काय सुरेख करत होत्या! एका हाताने खुर्ची धरलेली, दुसरा हात थरथरतोय, पावलापर्यंत पोचत नाही.

वनिता पुढे झाली. अंतर ठेवून थांबली. हात पाठीमागे. "गुटन मॉर्गन, फ्राउ लिंडनर. डार्फ इश इनेन हेल्फेन?" शुभ सकाळ, मी मदत केली तर चालेल का?

मी मनात म्हटलं, शाबास!

"नाइन, डांके," म्हणजे नको, आभारी आहे, असं म्हातारी म्हणाली. "माझं मी करीन."

"जरूर. लागलं तर सांगा हं," वनिता म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. एकदम बरोबर. इथे प्रसंग संपायला हवा होता. पण लिंडनरबाई संपवेनात. त्यांना बघायचं होतं ही पोर किती वेळ थांबू शकते. पायमोजा अंगठ्यापर्यंत गेला आणि निसटला. त्यांनी तो उचलला. पुन्हा वाकल्या. पुन्हा निसटला. त्यांच्या तोंडातून कण्हल्यासारखा आवाज आला.  मला मागून वनिताच्या पाठीवरचे हात दिसत होते. तिची बोटं इतकी घट्ट आवळली होती की नखं पांढरी पडली होती. मी मनातल्या मनात ओरडत होते, थांब, वनिता, थांब, हात सोडू नकोस.

वनिताने नाहीच सोडले.

भिंतीकडून आवाज आला. "अगं, काय बघतंस?"

मी वळून बघेपर्यंत चांगुणाबाई उठली होती. तिला नाटक, मुलाखत काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की एक म्हातारी बाई वाकता येत नसताना वाकते आहे, आणि आपली पोर, जिला आपण वाढवलं, ती हात मागे बांधून तमाशा बघते आहे. ती तरातरा चालत गेली, लिंडनरबाईंच्या पुढ्यात जमिनीवर बसली, त्यांचं पाऊल उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं, पायमोजा त्यांच्या हातातून काढला आणि घालायला लागली.

 संपलं, म्हटलं. सगळं संपलं.

"काय चाललंय हे?" लिंडनरबाई दचकून म्हणाल्या. त्यांनी पाय ओढून घेतला. चांगुणाबाईने तो परत धरला.

"आये!" वनिता ओरडली.

"आये काय? म्हातारी बाय वाकते नि तू हुबी? असं शिकवलंय व्हय मी तुला?"

लिंडनरबाईंनी वनिताकडे बघितलं. आवाज कडक झाला होता. "या कोण? आणि काय म्हणतायत?"

इथे वनिता काहीही सांगू शकली असती. आई बरी नाहीये, तिला कळत नाही, माफ करा. मी कारखान्यात असं कितीदा सांगितलंय.  वनिता सरळ त्यांच्याकडे बघून जर्मनमध्ये म्हणाली, "ही माझी आई. ती म्हणते, मी विचारत उभी राहिले याची तिला लाज वाटते."

 लिंडनरबाई परत खुर्चीत टेकल्या आणि परत ऐंशी वर्षांच्या झाल्या. त्याच थरथरत्या आवाजात म्हणाल्या, "माझा पायमोजा मला घालायचाय."

मला खरंच त्या बाईचा राग आला. थांबवा की आता हे! पण त्या थांबवणार नव्हत्या.

वनिता आईच्या शेजारी जमिनीवर बसली. हात आता मागे नव्हते, मांडीवर होते. "आये," ती हळू म्हणाली, "हात काढ."

"काय?"

"हात काढ तिच्या पायावरनं. तिला तिचं करायचं हाय."

"नाय म्हनतात ती समदीच! नाय म्हनलं की सोडून जायाचं?"

"सोडून नाय जायचं. मी हाय ना हितंच."

"मंग धर ना तिला!"

"धरायचं नाय, आये. नुसतं जवळ बसायचं." वनिताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं, पण तिने ते पुसलं नाही. "हात काढ गो. पाया पडते."

चांगुणाबाईने लेकीच्या तोंडाकडे बघितलं. पाऊल मांडीवरून अलगद खाली ठेवलं. उठली, लुगडं झटकलं आणि कुणाकडे न बघता बाहेर गेली. चपला दारातच राहिल्या.

लिंडनरबाईंनी पायमोजा घातला. किती वेळ लावला त्यांनी! वनिता शेजारी जमिनीवर बसून होती, रडत होती, आणि तिने हात लावला नाही. मोजा घोट्यावर आला तेव्हा ती म्हणाली, "सागेन झी बिट्टे बेशाइड." तिचा आवाज फाटला होता, पण वाक्य पूर्ण होतं.

निकाल त्यांनी तिथेच सांगितला, आणि तसा का दिला तेही मला सांगितलं. म्हणाल्या, विचारायला सगळ्यांना येतं. आमच्याकडे अडतं ते वेगळ्या ठिकाणी. रविवारी घरचे लोक भेटायला येतात. मुलगी येते, बापाच्या शर्टाची बटणं लावते, त्याला घास भरवते, प्रेमाने. आठवडाभर तो जे स्वतः करायला शिकलेला असतो ते एका दुपारी जातं. त्या मुलीला थांबवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम. जुन्या नर्सना जमत नाही. "हिने तर तिच्या स्वतःच्या आईला थांबवलं," त्या म्हणाल्या. "हिला मी घेते."

मला आनंद झाला का? झाला. वनिताला मिठीच मारली मी, न विचारता. पण आनंदाला कुठेतरी कड होती आणि ती टोचत होती.

बाहेर चांगुणाबाई अनवाणी झाडाखाली बसली होती. मी तिच्या चपला घेऊन गेले. शेजारी बसले. सांगितलं, "झालं काम. वनिताला घेतलं."

"घेतलं ना? न्या." ती रस्त्याकडे बघत होती. "चारचौघांत मला हात काढाया लावला पोरीनं."

"अहो, तसं नाही. तिकडची रीतच तशी. तुमच्यामुळंच तिचं काम झालं."

"माज्यामुळं? मी काय केलं?"

आता हे कसं समजावणार? मी दोन्हीकडचं बोलणं आयुष्यभर इकडून तिकडे केलं, पण त्या दुपारी मला एक वाक्य धड जुळवता आलं नाही. मी आपली रीत, मान, बोट विसरतं वगैरे सांगत बसले. तिने ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "तिथं माज्या पोरीला बरं नसंल, नि ती नको म्हनली, तर तिच्याजवळ कोन बसंल?"

मी म्हटलं, बसतात, माणसं तिथलीही चांगली असतात. हे खरं आहे. तिकडे गेलेल्या माझ्या विद्यार्थ्यांच्या फोनवरून मला ते माहीत आहे. तिला मात्र माझं बोलणं पोकळ वाटलं असणार.

त्यानंतर दोघी मायलेकी एका घरात राहिल्या, भात कापलं, झोडलं, पण बोलणं कामापुरतं. वनिता क्लासला यायची तेव्हा डोळे सुजलेले असायचे. एकदा म्हणाली, "मॅडम, आये ओरडली असती तर बरं झालं असतं. ती काय बोलतच नाय. व्हिसा आला, दाखवला. बघितला नि ठेवला." एकदा तर म्हणाली, नाही गेले तर चालेल का? मी तिला झापलं. काय करणार, ते माझंच काम होतं. आत मला धास्ती होती की ही आता माघार घेते.

ती निघाली त्या सकाळी मी मुद्दाम खर्डीला उतरून वाडीवर गेले. वाडीपर्यंत रिक्षा जात नाही. ती खाली सडकेला उभी राहते आणि मधे उतरणीची पायवाट. अंगणात शेजारपाजारचे जमले होते. वनिता जीन्स आणि स्वेटर घालून उभी, पुढ्यात भली मोठी बॅग. चाकांची बॅग त्या पायवाटेवर काय कामाची? डोक्यावरच घ्यायची. वनिताने डोक्यावर चुंबळ ठेवली, वाकली आणि बॅग उचलायला गेली. गुडघ्यापर्यंत आली आणि खाली. पुन्हा धरली. पुन्हा खाली.

दोन बायका पुढे आल्याच होत्या. चांगुणाबाई दारात उभी होती. तिने त्यांना हाताने मागे सारलं. स्वतः अंगणात उतरली, लेकीपासून थोडं अंतर ठेवून थांबली, आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. बोटांत बोटं अडकवली.

"वनिता," ती म्हणाली, "हात लावू का?"

 कुणाला काही कळेना. आई लेकीला विचारते? मला वाटलं टोमणा आहे. वनितालाही तसंच वाटलं असणार. ती बॅग सोडून सरळ उभी राहिली आणि हुंदके द्यायला लागली. "आये, तू नको ना गो विचारू. तू नको."

"तुजीच रीत हाय. इचारायचं, मंग थांबायचं." चांगुणाबाई जागची हलली नाही. तिने कोपरं अंगाशी घट्ट दाबून धरली होती. "मी थांबलेय बग. पन हो म्हन गो लवकर. मला नाय दम निघत."

 वनिताने नुसती मान डोलावली, आणि तेवढ्यावर चांगुणाबाई धावली.